ड्रमला लावलेला कान

“शू!” बस्त्यावने हात वर केला आणि आम्ही सगळे गप्प झालो.

निळ्या प्लास्टिकच्या ड्रमला कान लावून तो वाकला होता. डोळे मिटलेले, भुवया कपाळावर चढलेल्या. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणारी डॉक्टरीणसुद्धा एवढा थाट करत नसेल. त्याची बायको रेमेडीन धुतलेली बाटली हातात धरून तशीच थांबली. त्याचा मुलगा अँसेल्म बापाच्या तोंडाकडे पाहत राहिला. माझी भाची इर्मिना माझ्याकडे पाहत होती, आणि मी हसू दाबायला वाशाला टांगलेल्या केळीच्या घडाकडे.

“झोपली,” बस्त्याव शेवटी म्हणाला. “परवा बडबडत होती, काल कुजबुजत होती, आज गाढ झोपली. चला, भरा बाटल्या.”

झोपली ती बिअर. आमच्या वसईकडे नाताळ जवळ आला की घरोघरी बरण्यांत काही ना काही मुरत असतं. कुणाकडे जांभळाची वाइन, कुणाकडे बिटाची, कुणाकडे खजुराची. त्यात कुणी मोठेपणा मानत नाही. बस्त्याव मात्र बिअर करायचा, कारण बिअर इतर कुणी करत नव्हतं. अर्धं आयुष्य गल्फमध्ये काढून तो परत आला तेव्हा एक टोपणं बसवायचं यंत्र आणि भरपूर अक्कल घेऊन आला होता. यंत्र तो कुणाला देत नसे. अक्कल मात्र वाटेल त्याला वाटायचा. केळी लावणाऱ्याला केळी कशी लावायची ते सांगे, फादरांना प्रवचन किती वेळ करायचं ते सांगे, मटार सोलत बसलेल्या बाईच्या हातातून शेंग घेऊन “अशी नाही, अशी” म्हणून दाखवे. लोक “हो हो” म्हणत आणि तो गेल्यावर आपल्याला हवं तसं करत. हे ‘हो हो’ त्याने आयुष्यभर खरं मानलं.

मी जन्मभर पहिली ते चौथीची पोरं शिकवली. ज्याला येत नाही त्या मुलाला मी शंभर वेळा सांगेन. चिंचोके मांडेन, काड्या मोडेन, अंगणात रेघा ओढेन. त्याला एकदाही रागावणार नाही, कारण येत नाही हे तो तोंडावर सांगतो. पण समोर पाण्यासारखं स्वच्छ दिसत असताना जो मोठा माणूस डोळे मिटून कान लावतो, त्याच्यासाठी माझ्याकडे एक चिंचोकासुद्धा नाही.

आणि या घरात माझी इर्मिना सून म्हणून जायची होती.

तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, लवकर गेला. पोर माझ्याच हाताखाली वाढली, नर्स झाली. अँसेल्मची आणि तिची ओळख तिच्याच हॉस्पिटलात झाली. मुलगा दिसायला बरा, बोलायला गोड, एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. साखरपुडा येत्या रविवारी माझ्या घरी ठरला होता, आणि ही बिअर तिथल्याच पाहुण्यांसाठी होती. अडचण एकच होती. “आमच्या घरची सून रात्रीची ड्युटी करणार नाही,” असं बस्त्यावने पहिल्याच बैठकीत जाहीर करून टाकलं होतं. नर्सने रात्रपाळी करायची नाही म्हणजे नोकरीच सोडायची. अँसेल्मने तिला एकटीला सांगितलं, मी पप्पांशी बोलतो. तो ईस्टरपासून बोलणार होता. नाताळ तोंडावर आला तरी बोलणारच होता.

त्या दिवशी बाटल्या भरायला मदत म्हणून आम्ही निघालो, तेव्हा इर्मिना रिक्षात मला म्हणाली, “आत्या, रविवारच्या आत तो एकदा तरी बापासमोर तोंड उघडतो का, तेवढंच मला बघायचंय. नोकरीचं नाही तर नाही. कशाचंही.”

“आणि नाही उघडलं तर?”

तिने पर्समधून रिक्षाचे पैसे मोजून काढले.

तर बिअर झोपली होती. बस्त्यावने रबरी नळी आणायला अँसेल्मला पिटाळलं. तेवढ्यात इर्मिनाने विचारलं, “अंकल, मीटर लावून बघितलं का?”

हे मीटर म्हणजे दुधाचा लॅक्टोमीटर. बस्त्यावच्या वडिलांच्या म्हशी होत्या, दूध मुंबईला जायचं. म्हशी गेल्या, मीटर खुंटीला राहिलं. अँसेल्मला प्रयोगशाळेत रोज हेच काम, म्हणून त्याच्या डोक्यात आलं की दुधाचा दाटपणा ज्याने कळतो त्याने बिअरचाही कळेल. आणि कळतो. मी चौथीच्या पोरांना सांगेन तसं सांगते. गोड पाणी जड असतं, त्यात ही काचेची नळी मान वर काढून तरंगते. यीस्ट साखर खात जातं तसं पाणी हलकं होतं आणि नळी रोज थोडी थोडी खाली बुडते. सलग काही दिवस ती एकाच रेघेवर थांबली की समजायचं, खाणं संपलं, आता बाटलीत भरायला हरकत नाही. ती अजून खाली जात असेल तर थांबायचं. एवढंच शास्त्र. माझी पोरं हे मधल्या सुट्टीच्या आत शिकली असती.

“मीटर?” बस्त्याव हसला. “अगं पोरी, मीटर गवळ्याला लागतं. मला कान आहे. तिकडे गल्फमध्ये दाराबाहेर पोलीस उभा असताना आतल्या खोलीत मी हे काम केलंय. तिथे मीटर लावत बसलो असतो तर आज तुझ्यासमोर उभा नसतो.”

“पण अँसेल्म रोज सकाळी बघतो ना,” इर्मिना म्हणाली. अँसेल्म रबरी नळी घेऊन दारातच होता. “काय अँसेल्म? मीटर थांबलं का एका रेघेवर?”

मी पोरांचे चेहरे वाचून म्हातारी झाले. उत्तर येत असूनही बोट वर न करणारं मूल मला शेवटच्या बाकावरूनसुद्धा दिसतं. अँसेल्मने बापाकडे पाहिलं, ड्रमकडे पाहिलं, मग हातातल्या रबरी नळीकडे.

“पप्पा म्हणतात तसंच आहे,” तो म्हणाला.

“पप्पा काय म्हणतात ते मी ऐकलं. मी मीटरचं विचारतेय.”

“तेच ते. साधारण तेच.”

“ऐकलंस?” बस्त्याव म्हणाला. “लॅबवालाच सांगतोय.”

मग मी मधे पडले. “भाऊ, या आठवड्यात थंडी किती पडली बघा. थंडीने यीस्ट गारठतं, आवाज बंद होतो. वर्गात पोरं गप्प झाली म्हणजे सगळ्यांचं गणित सुटलं असं नसतं. कधी कधी एकाचंही सुटलेलं नसतं, म्हणून गप्प असतात. साखर आत शिल्लक असली, वर तुम्ही फेसासाठी बाटलीत आणखी चमचा चमचा घालणार, आणि टोपण घट्ट. उद्या ऊब लागली की ते पुन्हा खायला लागेल. तो वायू जाणार कुठे?”

“टीचर,” बस्त्यावने माझ्या खांद्यापर्यंत हात आणून मागे घेतला, “तुम्ही चौथीपर्यंतच्या. हे जरा पुढचं आहे.”

“माझ्या घरात ठेवायच्यात त्या बाटल्या. रविवारी शंभर माणूस येणार, त्यात पोरं असणार.”

“पोरांना कशाला देतोय मी बिअर!” आणि आपल्याच विनोदावर तो इतका हसला की रेमेडीनलाही ओठ हलवावे लागले. आई हसली म्हणून अँसेल्म हसला. त्या घरात हसूसुद्धा रांगेत यायचं.

भरण्याआधी चव घ्यायचा त्याचा एक विधी होता. त्याने पहिला पेला अँसेल्मला दिला.

“कशी?”

“एक नंबर, पप्पा.”

दुसरा इर्मिनाला. तिने घोटभर घेतली. “गोड आहे, अंकल. अजून गोड लागतेय.”

“मुलींच्या जिभेला सगळं गोडच लागतं.”

तिसरा पेला माझ्याकडे आला. सरबत होतं ते, खोकल्याच्या औषधाचा वास आलेलं. मी पेला खाली ठेवला. रेमेडीनला त्याने विचारलं नाही. तिने मान खाली घालून पुढची बाटली पुसायला घेतली होती. बाटल्याही भंगारवाल्याकडच्या, जुन्या सोड्याच्या, काही इतक्या पातळ की उजेडात धरल्या तर पलीकडचं बोट दिसावं.

मग बस्त्याव आपल्या नावाची लेबलं आणायला वर गेला आणि खोलीत आम्ही चौघंच उरलो. अँसेल्म एकदम आमच्याजवळ सरकला. बाप जिन्यावर असतानाच त्याला कंठ फुटला.

“अजून झालेली नाही,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “मला माहितेय. आज सकाळीसुद्धा मीटर कालच्यापेक्षा खाली होतं. रोज जातंय खाली.”

“मग मघाशी का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“टीचर, तुम्ही पप्पांना ओळखत नाही. उगाच तमाशा. माझ्याकडे आयडिया आहे. ते चर्चमध्ये मिस्साला गेले की मी एकेक टोपण जरा सैल करेन, वायू सोडेन, परत दाबेन. त्यांना कळणारही नाही.” हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर चक्क हुशारीचं समाधान होतं. “घरात असंच करायचं असतं, इर्मिना. त्यांना वाटू द्यायचं त्यांचं झालं, आणि आपण आपलं करायचं.”

“रात्रपाळीचंही असंच करणार?” तिने विचारलं. “ते मिस्साला गेले की मी कामावर जाऊ?”

“ते वेगळं आहे. ते मी बोलणार आहे. एकदा साखरपुडा होऊ दे.”

जिन्यावर चपला वाजल्या. अँसेल्मने वाकून रबरी नळीचं एक टोक ड्रममध्ये सोडलं आणि दुसऱ्या टोकाने पहिली बाटली भरायला घेतली. त्याचे हात मात्र कामाला स्वच्छ होते, एक थेंब सांडला नाही. आम्ही सगळ्या बाटल्या भरल्या. इर्मिना साखर घालत होती, मी लेबलं चिकटवत होते. ‘बस्त्याव तुस्कानो आणि पुत्र’ असं त्यांवर छापलं होतं. पुत्राने यात काय केलं ते त्या पुत्रालाच विचारायला हवं.

रिक्षात परतताना मी इर्मिनाला म्हणाले, “बोलला की. आपल्यापाशी तरी खरं बोलला.”

“हो ना,” ती म्हणाली. “माझ्यापाशी तो नेहमीच खरं बोलतो.”

शनिवारी आम्ही छोटा टेम्पो घेऊन बाटल्या न्यायला गेलो. खरं म्हणजे न्यायला नव्हे. मी मनाशी ठरवलं होतं की अँसेल्मने वायू सोडलाय का ते आधी विचारायचं, आणि नसेल तर त्यातली एकही बाटली माझ्या उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, मग बस्त्यावला राग येवो की झीट. पण विचारायची वेळच आली नाही. आम्ही अंगणात पाय ठेवला आणि आतून फटाका फुटावा तसा आवाज आला. लगेच दुसरा. पाठोपाठ काचा फरशीवर विखुरल्याचा आवाज.

रेमेडीन स्वयंपाकघरातून बाहेर आली. एका हाताने तिने दुसरा हात कोपराखाली घट्ट धरला होता आणि बोटांमधून रक्त ठिबकत होतं. साडीवर फेस होता. ती ओरडत नव्हती. दुसऱ्याच कुणाचं तरी काही सांडलंय आणि आपल्याला पुसायला फडकं शोधायचंय, अशी ती इकडेतिकडे पाहत होती.

इर्मिनाने तिला पायरीवर बसवलं. पर्समधून चिमटा काढला, माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि काम सुरू केलं. मी आत डोकावले. सगळ्या बाटल्या चुलीच्या कडेने ओळीने मांडल्या होत्या. थंडीत फेस धरत नाही म्हणून बस्त्यावने त्यांना शेकायला ठेवलं होतं, आणि त्याच चुलीवर ती बाई साखरपुड्याच्या पाहुण्यांसाठी तळणीला बसली होती.

वरून बस्त्याव धावत आला. “बाटल्या! किती गेल्या?”

तेव्हा त्याला बायको दिसली. तिच्या हाताकडे त्याने पाहिलं, आणि मला वाटलं, आता तरी. पण तो अंगणाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने निकाल दिला.

“उकळत्या पाण्याने धुतल्या असतील हिने. काच कच्ची होते त्याने. मी तिकडे हे हजारदा बघितलंय.”

“थंड पाण्याने धुतल्या,” रेमेडीन म्हणाली. “बोअरच्या.”

“मग साबण राहिला असेल.”

अँसेल्म दारात आला होता.

“सोडला होतास वायू?” मी त्याला विचारलं.

“पप्पा मिस्साला गेलेच नाहीत,” तो पुटपुटला. “सर्दी होती त्यांना.”

“कसला वायू?” बस्त्याव म्हणाला.

अँसेल्म दारातली काच पायाने बाजूला सारायला लागला.

इर्मिनाने मान वर केली नाही. रेमेडीनच्या हातातली काच ती उजेडात धरून बघत होती, बाजूला ठेवत होती, पुढची शोधत होती. तशीच काम करता करता तिने विचारलं, “अँसेल्म, बाटल्या का फुटल्या?”

वर्गात मी असा प्रश्न विचारला की थांबते. मुलाला वेळ देते. उत्तर आत असेल तर ते बाहेर यायला जागा लागते. आम्ही सगळे थांबलो. आत आणखी एक बाटली फुटली. बस्त्याव दचकून खाली वाकला, मीही वाकले. इर्मिना वाकली नाही. अँसेल्म आईजवळ येऊन उकिडवा बसला. त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खूप प्रेमाने म्हणाला,

“मम्मी, थोडं तरी गरम पाणी वापरलं असशील ना? आठवून बघ बरं.”

रेमेडीनने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

माझ्या वर्गात खोटं बोलणारी पोरं होती. पेन्सिल चोरणारी होती, दुसऱ्याच्या पाटीवर थुंकणारी होती. त्यांच्यावर माझा जीव होता, अजून आहे. त्या उकिडव्या बसलेल्या, डिग्री घेतलेल्या, गोड बोलणाऱ्या पुरुषाकडे बघून मला जे वाटलं ते मला एकाही पोराबद्दल कधी वाटलेलं नाही.

इर्मिनाने माझ्या रुमालाची पट्टी करून हात बांधला. गाठ मारली, ओढून बघितली. मग उठली आणि थेट बस्त्यावसमोर जाऊन उभी राहिली.

“अंकल, उद्या येऊ नका.”

“म्हणजे? बिअर नसली म्हणून काय झालं? मी बाहेरून मागवतो. चार क्रेट मागवतो.”

“बिअरचं नाही म्हणत मी. तुम्ही कुणीच येऊ नका. साखरपुडा नाही उद्या.”

“चार बाटल्यांपायी?” त्याचा आवाज चढला. “अँसेल्म, ऐकतोयस ना? चार बाटल्यांपायी ही बाई लग्न मोडतेय!”

अँसेल्म उभा राहिला. “इर्मिना, प्लीज. आत जाऊन बोलू. आपण दोघंच.”

“नाही,” ती म्हणाली. “दोघंच असताना तू किती छान बोलतोस ते मला माहितेय.”

एवढं बोलून ती पायरीकडे वळली. “आंटी, टाके घालावे लागतील. चला आमच्याबरोबर. माझ्या हॉस्पिटलात घेऊन जाते.”

रेमेडीन उठली. नवऱ्याला तिने विचारलं नाही.

“अरे, हिच्याबरोबर कुणीतरी जा,” बस्त्याव म्हणाला, आणि त्याच श्वासात, “आधी उरलेल्या बाटल्या चुलीपासून लांब कर. सावकाश उचल. लेबलं ओली करू नकोस.”

अँसेल्म आईकडे पाहून म्हणाला, “आलोच मम्मी,” आणि आत गेला.

आम्ही तिला पुढच्या सीटवर, मधे बसवलं. इर्मिना तिचा हात वर धरून बसली होती, रक्त उतरू नये म्हणून. मी मागच्या हौद्यात, रिकाम्या क्रेटवर. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, पण तो थोडा वेळ थांबला. बाईचा मुलगा येणार असेल, असं त्यालाही वाटलं असावं.

“टीचर,” रेमेडीनने पुढून हाक दिली, “येतोय का बघा हो.”

मी मागे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत अँसेल्म उभा होता. दोन्ही हातांत बाटल्या, छातीशी धरलेल्या, तान्ही पोरं धरावीत तशा. तो आमच्याकडेच बघत होता.

“खिडकीत आहे,” मी म्हणाले.

“हां,” ती म्हणाली. “मग चला. आता बापाला विचारेल, जाऊ का म्हणून.”